गयेला सोडलेलं वांगं

आमच्या देवळी गावात कोणाला कोणती भाजी आवडत नाही हे जाणून घ्यायचं असेल, तर काशी-गया करून आलेल्यांना विचारावं, तिकडे काय सोडून आलात. रीत अशी आहे की गयेला पिंडदान झालं की तिथल्या वडाखाली बसून आपली एखादी आवडती भाजी किंवा फळ गेलेल्या माणसाच्या नावाने जन्मभरासाठी सोडायचं. आवडती, हे महत्त्वाचं. पण माणूस हुशार असतो. आमच्या गल्लीतल्या एकाने कारलं सोडलं. त्याच्या बायकोने फणस सोडला, जो आमच्या बाजारात कधी चुकून आला तर येतो. एका निवृत्त बाबूंनी ब्रोकोली सोडली. पुण्याला मुलाकडे महिनाभर राहून आले होते, तिथे सुनेने दोनदा खाऊ घातली, तेवढीच काय ती ओळख. परत आल्यावर गंभीर चेहऱ्याने सांगत होते की वडिलांसाठी एवढं तर केलंच पाहिजे.

मी त्यांना नावं ठेवत नाही. मी स्वतःही तेच करायला निघाले होते.

मला वांगं आवडत नाही. हे वाक्य आमच्या भागात बोलणं म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैल आवडत नाही म्हणण्यासारखं आहे. लग्नात वांगं, शेतातल्या जेवणात वांगं, पाहुणे आले की वांगं, पाहुणे गेले की उरलेलं वांगं. माझं मत विचाराल तर या भाजीला स्वतःची चव म्हणून काही नाही. तिखट मेहनत करतं, दाण्याचं कूट मेहनत करतं, तेल तर वाटीवाटीने ओतलेलं असतं, आणि नाव होतं वांग्याचं. आयत्या बिळावर नागोबा. हे मी लग्न होऊन आर्वीहून या घरात आल्यावर आठव्या दिवशी बोलून दाखवलं, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं होतं की मी मान खाली घालून पोळी मोडू लागले.

"या घरात आली तं वांगं खा लागन," त्या म्हणाल्या. "आमचं घर वांग्याचं हाय."

घर वांग्याचं होतं ते सासऱ्यांमुळे. त्यांना आम्ही मामाजी म्हणत असू. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं कापडाचं दुकान, आता ते माझे यजमान पाहतात. मामाजी शांत माणूस. कशाचा हट्ट नाही, कोणावर आवाज चढवला नाही, फक्त दुपारच्या डब्यात आठवड्यातून चार दिवस भरलं वांगं हवं. आणि आईंच्या हातचं ते वांगं खरंच गावभर नावाजलेलं. माझ्यासारखीलाही कबूल करावं लागे की मसाला उत्तम असतो. आई म्हणजे सासूबाई. त्या स्वतः कधी चव घेऊन पाहत नसत. रस शिजत आला की पळीभर मामाजींच्या तळहातावर घालायच्या आणि म्हणायच्या, "मीठ पाहा बरं." ते चाटून मान हलवायचे. नवी नवरी होते तेव्हा ते दृश्य पाहून मला वाटायचं, काय प्रेम आहे. नंतर सवय झाली. सत्तावीस वर्षं मी ताटातलं वांगं बाजूला सारत आले, नाक मुरडत आले, आणि आई दर वेळी "पाय बाई, हिचं तोंड पाय", म्हणजे बघ, असं म्हणत आल्या. आमचं भांडण म्हणावं तर हे एवढंच, पण रोजचं.

मामाजी गेले ते अगदी सहज, दुपारी दुकानातून येऊन आडवे झाले आणि उठले नाहीत. वर्षश्राद्ध झाल्यावर आईंनी हट्ट धरला की गयेला जायचं. मागच्या पितृपक्षात आम्ही तिघं गेलो, आई, यजमान आणि मी. वर्ध्याहून रेल्वेत बसलो तेव्हाच माझा बेत ठरलेला होता. वडाखाली मी वांगं सोडणार. एकदा देवाच्या साक्षीने सोडलं की मग घरात कोणाची टाप आहे मला वाढायची. इतक्या वर्षांनी कायदेशीर सुटका. मी गाडीत मनातल्या मनात हसत होते, हे आज लिहिताना जरा लाज वाटते.

वडाखाली गर्दी होती. पंड्याने यजमानांना आधी विचारलं. त्यांनी कारलं सोडलं, जे त्यांनी लहानपणापासून खाल्लेलं नाही. मग पंडा आईंकडे वळला. "माताजी, जो मन को सबसे प्यारा हो, वो छोड़ो."

"बैंगन," आई म्हणाल्या. विचार करायला क्षणभरही घेतला नाही.

यजमानांचे डोळे भरून आले. बाजूला कुठल्याशा गावच्या बाया बसल्या होत्या, त्यांना ते सांगू लागले की आमच्या आईच्या हातचं वांगं म्हणजे काय, आणि वडिलांना ते किती प्रिय. त्या बायांनी आईंना नमस्कार केला. आणि मी? माझ्या तोंडचा घास गेला. आईंच्या त्यागापुढे माझं वांगं सोडणं म्हणजे नुसती चेष्टा दिसली असती. पंडा म्हणाला, बहूजी, जल्दी. मला रागाच्या भरात काही सुचेना. समोर कोणीतरी पेरूची टोपली घेऊन चाललं होतं. मी म्हटलं, "पेरू."

पेरू मला जिवापाड आवडतो. हिवाळ्यात तिखट-मीठ लावून मी दोन-दोन खायची. तेव्हा सबंध देवळीत खरोखर आवडती गोष्ट सोडून आलेली मी एकटीच असेन, आणि तीही चिडून.

घरी आल्यावर बातमी पसरली. नणंदेने घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आईंचा फोटो टाकून खाली लिहिलं की आईने बाबांसाठी वांगं सोडलं, आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली. शेजारपाजारच्या बाया येऊन आईंच्या पाया पडून गेल्या. आई पाय आखडून घेत. मला वाटलं, दुःख आहे.

मग रोजच्या जेवणाचा प्रश्न आला. यजमानांना आणि मुलाला वांगं हवंच, आईंना चालणार नाही, म्हणजे आईंसाठी वेगळी भाजी करावी लागणार. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "आई, तुमच्यासाठी काय करू?"

त्या तांदूळ निवडत होत्या, ते निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ढेमसे भेटते का पाय."

ढेमसं. मला हसू आलं. वांग्याला जेवढा मान, तेवढा ढेमशाचा अपमान. हिरवट, गोल, मुठीत मावेल एवढं, आत पाणी आणि बिया. आमच्याकडे आजाऱ्याला देतात ते, किंवा बाजारात दुसरं काहीच उरलं नाही की घेतात. मामाजींना त्याचा वासही सहन होत नसे. सत्तावीस वर्षांत या घरात ढेमसं शिजलेलं मी पाहिलं नव्हतं. पण मागितलं म्हणून आणलं, चिरून त्यात वांग्यात भरतात तोच मसाला भरला, आणि दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो. आईंनी एक खाल्लं. मग काही न बोलता पातेलं ओढलं आणि दुसरं घेतलं. मग तिसरं. आई स्वतःहून दुसऱ्यांदा वाढून घेताहेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझं स्वतःचं ढेमशाबद्दल फार चांगलं मत नाही, आजही नाही, पण त्यांना खाताना पाहून मीही दोन खाल्ली. महिनाभर हे चाललं. बाजारच्या दिवशी मी पिशवी उचलली की आई मागून सांगायच्या, "कवळे पाहून आनजो. नखानं पाहाजो." सत्तरीच्या बाईचा आवाज तेवढ्यापुरता लहान मुलीसारखा व्हायचा.

दिवाळीनंतर एका दुपारी त्यांनी अर्ध्या जेवणात हात थांबवला.

"मी गयेले खोटं बोलली," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. मी म्हटलं, काय खोटं?

"मले वांगं कधी आवडलंच नाई. लगीन झालं तईपासून खाऊन राह्यली. त्यायले आवडे म्हनून केलं, त्यायले आवडे म्हनून खाल्लं. पंड्यानं म्हटलं प्यारी चीज सोडा, अन् माह्या तोंडून वांगं निघून गेलं. आता वांग्यातून सुटली म्हनून निघालं ते."

मी घास हातातच धरून बसले. त्या स्वतः चव का घेत नसत, ते आता समजलं. चव घ्यायचीच नव्हती, म्हणून तळहात मामाजींचा. मी म्हटलं, "मग आई, मी एवढी वर्षं नाक मुरडत होते, तेव्हा तुम्ही मला का बोलत होता?"

"मी खाऊन राह्यली तं तू काऊन नाई खायची," त्या म्हणाल्या. मग थोड्या ओशाळल्या. "पन तू तोंड वाकडं करे तवा मले मजा वाटे. कोनीतरी करून राह्यलं म्हनून."

मला हसावं की रडावं कळेना. सत्तावीस वर्षं एका ताटासमोर बसून दोघींचं मत एकच होतं, आणि आम्ही त्याच गोष्टीवरून भांडत होतो. पण आईंना हसायचं नव्हतं. त्यांच्या मनाने वेगळंच घेतलं होतं. त्यागच खोटा, तर तो पोचला कसा? मामाजींच्या नावाने दिलं ते दिलंच नाही. ते अडकून राहिले असतील, आपल्या लबाडीपायी. हे त्या अगदी साधेपणाने बोलत होत्या. रात्री झोप लागत नाही म्हणाल्या. आणि मग सांगितलं, "रोडग्याच्या दिवशी मारुतीपुढं नारय फोडीन अन् ढेमसं सोडीन. तेच मले आवडते. तेच द्या लागन."

मला राग आला. मला राग लवकर येतो, पण हा वेगळा होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या जिभेने जेवलेली बाई, आत्ता कुठे महिना-दीड महिना स्वतःच्या आवडीचं खातेय, आणि तेही सोडणार, ज्याने तिला कधी विचारलं नाही त्या माणसासाठी. मी हे असंच बोलले. आई म्हणाल्या, त्यांच्याबद्दल वाकडं बोलू नकोस. मी म्हटलं, माझा पेरू खरा सोडलेला आहे, तो मामाजींच्या नावावर लावा. त्या म्हणाल्या, "तुह्यं तुले, माह्यं मले." मी आमची पूजा सांगणाऱ्या गुरुजींना गाठलं. ते मोटारसायकल उभी करून म्हणाले की सोडलं ना, झालं मग, मी तर शेपू सोडला आहे. हे मी आईंना येऊन सांगितलं. त्याने उलटाच परिणाम झाला. गुरुजी लबाडी करतात म्हणून आपणही करायची का, असं त्यांनी विचारलं. यजमानांना सांगू नकोस, अशी शपथही घातली.

रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तूप घालायचं, आणि सोबत वांग्याची भाजी. मार्गशीर्षात आमच्या शेतात बांधावरच्या मारुतीजवळ हे जेवण दरवर्षी होतं. मामाजी गेल्यावर एक वर्ष खंड पडला, आणि यंदा यजमानांनी पुन्हा करायचं ठरवलं. भाजी आईंनीच केली. खात नसल्या तरी हात त्यांचाच हवा, असं सगळ्यांचं म्हणणं. रस शिजत आल्यावर त्यांनी पळी उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि मीठ न पाहताच पळी खाली ठेवली. शेवटी मी तळहात पुढे केला. वांग्याचा रस चाटून मी सांगितलं की बरोबर आहे. आणि बरोबरच होतं.

जेवायला मोजकीच माणसं होती. त्यात मास्तर होते. मामाजींच्या दुकानाशेजारच्या शाळेत त्यांनी नोकरी केली, आणि तीस वर्षं मधल्या सुट्टीत त्यांचा डबा मामाजींच्या दुकानातच उघडला. दोघांची एवढी घट्ट मैत्री की मास्तरांच्या पोळीवर मामाजींचं वांगं आणि मामाजींच्या पोळीवर मास्तरांकडची जवसाची चटणी. मास्तरांच्या घरी हे देवाला सोडणं-धरणं नाही. आमच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन काय सोडायचं ते एकदाच सोडलं, आता भाज्या सोडायचं काम उरलं नाही, असं ते म्हणतात. मारुतीला ते हात जोडत नाहीत, पण रोडगे चुकवत नाहीत.

पंगत बसायच्या आधी आई नारळ घेऊन उठल्या. यजमानांनी विचारलं, आता कशाचा नारळ? आई म्हणाल्या, "ढेमसं सोडून राह्यली."

सगळे हसले. ढेमसं सोडायला नारळ कशाला, कोणीतरी म्हणालं, ते तर फुकट सोडावं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण शपथ होती. आईंनी मात्र नारळ खाली ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगितलं. गयेला खोटं बोलले. वांगं मला आवडत नाही, आवडतही नव्हतं. आवडतं ते ढेमसं, म्हणून ते सोडायचं आहे, म्हणजे त्यांना पोचेल. आवाज चढला नाही, पण सगळं एका दमात झालं. निखाऱ्यावरचे रोडगे उलटायचं कोणाला सुचेना.

यजमान अगदी हळू म्हणाले, "आई, तू सांगतलं काऊन नाई कधी?"

उत्तर मास्तरांनी दिलं.

"त्याले माहीत होतं, वयनी."

आईंनी मान वळवली.

"तुमच्या लग्नाच्या दुसऱ्या सालापासून," मास्तर म्हणाले. त्यांना बोलणं जड जात होतं, हातातलं पान ते उगाच फिरवत होते. "डबा उघडला का म्हने, मास्तर, माही घरवाली ताटात सगळ्यात लहान वांगं घेते अन् दुसऱ्यांदा कधी घेत नाई. तिले आवडत नाई, मले मालूम हाय. मी म्हटलं, मंग इचार ना तिले. तं म्हने, इचारलं तं ते वांगं करनं बंद करन. अन् असं वांगं मले जगात कोन देईन? म्हनून चूप राह्यतो."

यजमान जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आई रडतील. मला स्वतःला मामाजींचा इतका राग आला, आणि त्याच वेळी ते तळहात पुढे करून उभे आहेत असं डोळ्यांसमोर आलं, की त्या रागाचं काय करावं ते कळेना. लबाडी आईंनी गयेला एकदा केली होती. मामाजींनी रोज केली, डबा उघडून, चवीने.

आईंनी पदराने हात पुसले. नारळ उचलून माझ्या हातात दिला.

"मंग मी ढेमसं सोडत नाई," त्या म्हणाल्या. "चटणी वाटतान घाल हा."

आणि पंगत वाढायला लागल्या. मास्तरांच्या पानात त्यांनी वांगं वाढलं, एक मोठं, मग आणखी एक मोठं. मास्तर नको म्हणाले नाहीत. त्या रात्री आईंना शांत झोप लागली, हे मला शेजारच्या खोलीतून कळलं, त्यांच्या घोरण्यावरून.

पण पुढे दोन दिवस त्यांनी मामाजींच्या फोटोला फूल घातलं नाही. अंघोळ करून आल्या की फोटोसमोरून सरळ स्वयंपाकघरात जायच्या. फूल मी घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्या फोटोपाशी उभ्या होत्या. जुनं फूल काढलेलं होतं, नवं हातात होतं. मी दारातच थांबले. त्यांनी काचेवरची धूळ पदराच्या टोकाने पुसली, फूल नीट बसवलं आणि फोटोला म्हणाल्या,

"इचारलं असतं, तरी मी बंद थोडीच केलं असतं."